अल्टुराच्या डिकीत येणाऱ्या पाण्याची वाट अखेर सापडली

मागच्या नोंदीत माझ्या मारुती बलेनो अल्टुरा या स्टेशन वॅगनच्या डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर पुन्हा गंजाचे फोड उठल्याचे लिहिले होते आणि दसऱ्यानंतर तेवढा पत्रा कापून नवा लावण्याचा बेत सांगितला होता. तो बेत आता पुढे ढकलला आहे, कारण गेल्या रविवारी स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी कोठून येते ते सापडले आणि कमानीवरचे फोडही त्याच पाण्याचे आहेत हे लक्षात आले. तीन पावसाळे हा शोध चालला होता, त्यामुळे ही नोंद बहुतांशी त्याच एका गोष्टीची आहे.

कमानीचे काम दोन वर्षांपूर्वी एकदा झाले होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या वेळच्या पेंटरने ग्राइंडरने गंज घासला, वर लांबी (पुट्टी) भरली, रेड ऑक्साइडचा गंजरोधक थर मारला आणि रंग इतका बेमालूम जुळवला की मी समाधानाने गाडी घरी आणली. त्यानंतर अकराव्या महिन्यात त्याच जागी तांदळाच्या दाण्याएवढे तीन फोड दिसले. पॉलिस्टरची लांबी ओलावा धरून ठेवते, आणि मागच्या बाजूने पाणी पोहोचत असेल तर तिच्याखालचा पत्रा कधीच कोरडा राहत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते, म्हणून तो वरचा रंग उचलून धरतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या ओळखीच्या वयस्कर मिस्त्रींनी ते फोड अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, हा गंज बाहेरचा नाही. पत्रा आतून खाल्लाय. आधी पाणी शोधा, मग माझ्याकडे या.” त्यांनी हातातले काम नाकारून मला परत पाठवले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

स्टेशन वॅगनच्या मागच्या भागात पाणी शिरायला जागा पुष्कळ असतात. मागचे दिवे, डिकीच्या दाराचे बीडिंग म्हणजे कडेची रबरी पट्टी, बाजूच्या काचा, मागच्या वायपरकडे जाणारी पाण्याची नळी, बंपरच्या आड असलेल्या हवेच्या झडपा आणि छताच्या शिवणी, असे सगळेच संशयित होते. दिव्यांवर माझा सर्वाधिक राग होता, कारण माझ्या आधी कोणीतरी त्यांच्याभोवती आंबूस वासाचे साधे सिलिकॉन थापले होते. ते सुकताना व्हिनेगरमधले आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्यावर लावल्यास स्वतःच गंजाला निमंत्रण देते. कितीही स्वस्त मिळाले तरी ते गाडीच्या जवळ आणू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ते सगळे खरवडून काढले आणि दिव्यांना नव्या गाद्या बसवल्या, तरी खड्ड्यात पाणी आलेच. बीडिंगची परीक्षा कागदाच्या पट्टीने घेतली. दार पट्टीवर बंद करून ती ओढली की जेथे सहज सुटते तेथे बीडिंगची पकड गेलेली असते. माझी पट्टी सर्व बाजूंनी घट्ट धरली गेली. वायपरची नळी आणि झडपाही ठीक निघाल्या.

पाइपने पाणी मारून पाहण्याचे दोन शनिवार पूर्ण वाया गेले. पद्धत बरोबर होती. पाण्याचा जोर कमी ठेवायचा, खालून सुरुवात करून दर दहा मिनिटांनी वर सरकायचे, आणि प्रेशर वॉशर वापरायचा नाही, कारण पाऊस जेथे शिरत नाही तेथेही तो पाणी घुसवतो. तरीही डिकी कोरडी राहायची आणि पुढच्याच पावसात खड्ड्यात दोन बोटे पाणी साचायचे. चूक जागेची होती. ऐरोलीला आमच्या इमारतीत माझी गाडी उतारावर, नाक वर करून उभी असते. धुण्याची जागा मात्र सपाट आहे. छतावरचे पाणी सपाट जागेवर एका वाटेने उतरते आणि उतारावर मागच्या कोपऱ्याकडे गोळा होते, हा साधा विचार मला तीन पावसाळ्यांनंतर सुचला.

म्हणून रविवारी पाइप लांबवून गाडी तिच्या नेहमीच्या जागी तपासली. डिकीतले सगळे प्लास्टिक आणि गालिचा काढला, स्टेपनी बाहेर ठेवली आणि पत्रा पुसून त्यावर कोरड्या रांगोळीचा पातळ थर भुरभुरला, म्हणजे थेंब कोठून आला त्याचा माग उमटतो. माझी पुतणी टॉर्च घेऊन आत बसली. दिव्यांपाशी काही नाही, काचेपाशी काही नाही. छतावर पाणी सोडून बारा मिनिटे झाली असतील, तेव्हा ती ओरडली, “काका, खाली नको, वर बघा! खांबाच्या आतून येतंय.” छत पेलणाऱ्या डाव्या बाजूच्या शेवटच्या खांबातून एक थेंब आतल्या पत्र्यावर आला, कमानीच्या फुगवट्यावर क्षणभर थांबला आणि रांगोळीत बारीक करडी रेघ ओढत खड्ड्यात उतरला. पाठोपाठ दुसरा आला. आम्ही दोघेही काही वेळ नुसते बघत राहिलो.

छतावरची सामानाची रेल तिच्या मागच्या पायापाशी सोडवली. खालची रबरी गादी वाळून कडक झाली होती आणि एका कडेने चिरली होती. बोल्टच्या भोकाच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, मात्र पत्रा अजून शाबूत आहे. भोकातून मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप, म्हणजे लांब वायरच्या टोकाचा बारीक कॅमेरा, खाली सोडला. आजवर घेतलेल्या हत्यारांपैकी सर्वांत कमी पैशांत सर्वांत अधिक उपयोगी पडलेले हे हत्यार आहे, आणि जुनी गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाकडे ते असावे असे मला मनापासून वाटते. खांबात पाण्याची वाट स्पष्ट दिसत होती. ती थेट कमानीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांच्या जोडावर जाते. तेथे दोन पत्रे स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डिंगने, जोडलेले असतात आणि मधल्या फटीत शिरलेले पाणी लवकर सुकत नाही. खाडीकाठच्या हवेतला खार त्यात मिसळला की काम आणखी बिघडते, कारण खार हवेतला ओलावा ओढून घेतो आणि पाऊस थांबल्यावरही फट दमट राहते. आतून स्क्रूड्रायव्हरने हलके टोचल्यावर जोडाला लागून सुमारे सव्वा इंच लांब भाग पापुद्र्यासारखा निघून आला. बाकीचा पत्रा ठणठणीत वाजतो.

रेलच्या पायाखाली सध्या ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबराची पट्टी, लावली आहे. ती कधी कडक होत नाही आणि पुढे रेल काढायची झाल्यास सहज सुटते. भोकाच्या कडांवर रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारे रसायन) लावून, दिलेला वेळ झाल्यावर तो पाण्याने धुऊन, हीटगनने कोरडे करून त्यावर इपॉक्सी प्रायमर मारला. कन्व्हर्टर धुण्याची पायरी अनेक जण गाळतात. त्यातले फॉस्फरिक आम्ल पत्र्यावर उरले तर इपॉक्सी नीट धरत नाही, आणि मग दोष प्रायमरला दिला जातो.

पुढचे काम असे करायचे ठरवले होते की आतल्या जोडाला आताच ठिगळ मारायचे, पोकळीत गंज रोखणारे मेण सोडायचे आणि बाहेरची कमान दिवाळीनंतर सवडीने कापायची. परंतु हे लिहिता लिहिताच त्यातली गफलत दिसली. बाहेरच्या वेल्डिंगच्या उष्णतेने आतले मेण जळेल, आणि ते पेटही घेऊ शकते. शिवाय बाहेरचा पत्रा कापल्यावर आतला जोड समोर उघडा मिळेल, तर मग प्लास्टिकच्या खाचेतून हात घालून अंधारात वेल्डिंग कशाला करायचे? तेव्हा दोन्ही कामे एकाच वेळी होतील आणि मेण सर्वांत शेवटी. मिस्त्रींना ०.८ मिलिमीटरचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणातले विजेचे) वेल्डिंगच हवे, असे सांगितले आहे. गॅस वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा तापून वाकतो. जोडाच्या दोन्ही तोंडांवर वेल्डिंगआधी झिंक प्रायमर लागेल. मेण सोडायला नवे भोक पाडण्याची गरजही आता उरली नाही. रेलच्या बोल्टच्या भोकातून लांब नळी सोडली की पाणी ज्या वाटेने गेले त्याच वाटेने मेण उतरेल. तोवर ऑक्टोबरच्या उन्हात डिकी उघडी ठेवून पोकळी पूर्ण वाळवतो आहे.

गाडीच्या तळाला डांबरी थर देण्याबद्दल, म्हणजे अंडरकोटिंगबद्दल, काहींनी विचारले होते. मी ते करणार नाही. ते वर्षा-दोन वर्षांत तडकते आणि तडकलेल्या थराखाली पाणी लपून बसते, म्हणून खालच्या बाजूलाही मऊ राहणारे मेणच मारणार आहे. गाडी २००३ ची आहे, दुसऱ्यांदा वाढवलेली नोंदणी २०२८ साली संपते आणि तेव्हा फिटनेस तपासणीसाठी गाडी दाखवताना खालचा पत्रा मला उघडा आणि स्वच्छ दाखवता यायला हवा.

एक आनंदाची गोष्ट नमूद करतो. गेल्या हिवाळ्यात डिकीच्या दाराच्या खालच्या ओठाचे काम केले होते, तेथे अख्ख्या पावसाळ्यानंतर एकही ठिपका नाही. तेथील पाणी उतरायची भोके दर महिन्याला प्लास्टिकच्या केबल टायने मोकळी करत आलो, त्याचे हे फळ आहे.

मंगळवारी रात्री परतीचा पाऊस तासभर कोसळला. सकाळी डिकी उघडली तेव्हा डाव्या बाजूची रांगोळी टाकली तशी कोरडी होती. उजव्या बाजूला मात्र खांबाच्या पायथ्याशी एक पुसटसा ओला ठिपका आहे, म्हणून येत्या रविवारी उजवी रेलही काढतो आहे. त्या पायांच्या मूळ रबरी गाद्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, सुट्या भागांच्या बाजारात, दोन फेऱ्या मारूनही मिळाल्या नाहीत. कोणाकडे मोडीत निघालेल्या अल्टुराच्या चांगल्या गाद्या असतील, तर चारही हव्या आहेत.