चिलरमधील ग्लायकॉल: आधी मोजावे, मग भरावे

नाशिक परिसरातील वाइनरींमध्ये द्राक्षहंगामापूर्वी चिलरची, म्हणजे टाक्या थंड ठेवणाऱ्या शीतयंत्राची, तपासणी होते तेव्हा सगळे लक्ष कॉम्प्रेसर, पंप आणि गॅस यांच्यावर असते. टाक्यांच्या जॅकेटमधून (बाहेरच्या पोकळ आवरणातून) फिरणाऱ्या, पाण्यात ग्लायकॉल हा गोठणरोधक द्रव मिसळून केलेल्या द्रावणाची मात्र केवळ पातळी पाहिली जाते. वर्षभरात कुठेतरी गळती होते, पातळी उतरते, कोणीतरी नळी लावून साधे पाणी भरतो आणि द्रावण कोणाच्याही नकळत पातळ होत जाते.

वाइनमधील टार्टरेट या क्षाराचे खडे तळाशी बसवण्यासाठी वाइन उणे ४ अंशांपर्यंत थंड करायची असेल, तर द्रावण त्याहून थंड, साधारण उणे ६ अंशांवर पाठवावे लागते. परंतु सर्वांत थंड जागा टाकीत नसून चिलरच्या इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे गॅस प्लेटांमधून द्रावणाची उष्णता शोषतो त्या भागात, असते, कारण तेथे गॅसचे तापमान द्रावणाहूनही काही अंश खाली असते. पातळ झालेले द्रावण गोठते ते याच ठिकाणी, आणि बर्फाच्या दाबाने प्लेट फुटली तर दुरुस्ती हंगामाच्या ऐन मध्यावर काढावी लागते. प्रॉपिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ३० टक्के असल्यास गोठणबिंदू सुमारे उणे १३ अंश येतो आणि या कामाला तो पुरतो. त्याहून बरेच जास्त घालणे मला चुकीचे वाटते, कारण द्रावण घट्ट होते, पंपावर भार पडतो आणि उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते.

प्रमाणाच्या तपासणीसाठी हायड्रोमीटरपेक्षा (घनता मोजणारे साधन) रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून प्रमाण दाखवणारे साधन) वापरावा. शुद्ध प्रॉपिलीन ग्लायकॉलची घनता पाण्याहून जेमतेम ४ टक्क्यांनी जास्त असल्याने हायड्रोमीटरवरील फरक डोळ्यांना नीट कळत नाही. रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आणावा, पंप चालू असताना परतीच्या लाइनमधून नमुना घ्यावा, तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मग काचेवर थेंब ठेवून निळ्या-पांढऱ्या भागांमधील सीमारेषा वाचावी. पट्टी प्रॉपिलीनचीच आहे ना, हे पाहणे अत्यावश्यक आहे. एथिलीनच्या पट्टीवरील आकडा येथे दिशाभूल करतो. विषारी एथिलीन ग्लायकॉल वाइनच्या टाकीजवळ येताच कामा नये. खरेदी करताना फूड ग्रेडचे प्रमाणपत्रही मागावेच. भेसळ किती घातक ठरते पाहा: १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते.

समजा, २,००० लिटरच्या यंत्रणेत ग्लायकॉलचे प्रमाण २४ टक्के आढळले आणि ते ३० वर न्यायचे आहे. नुसते ६ टक्के, म्हणजे १२० लिटर, ग्लायकॉल बदलून भागत नाही, कारण काढलेल्या द्रावणाबरोबर ग्लायकॉलही जाते. ०.०६ ला ०.७६ ने भागून २,००० ने गुणले की १५८ लिटर येतात. तेवढे द्रावण काढून तेवढेच शुद्ध ग्लायकॉल भरावे लागते.

नवे मिश्रण करायचे झाल्यास पाणी डिस्टिल्ड किंवा डीआय (क्षार काढलेले) घ्यावे. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम ग्लायकॉलमध्ये मिसळलेल्या गंजरोधकातील फॉस्फेटशी संयोग पावून साका तयार करते आणि प्लेटच्या अरुंद वाटा बुजवते. द्रावणाचा पीएचही पाहावा. तो ८ च्या खाली घसरू लागला तर गंजरोधक संपत आल्याचे समजावे. प्रमाण २० टक्क्यांखाली गेल्यास जिवाणू ग्लायकॉलवरच वाढू लागतात, असे द्रावण गढूळ होते आणि त्याला आंबट वास येतो. भरणा झाल्यावर पंप काही तास चालवून पुन्हा नमुना तपासावा आणि आकडा तारखेसह चिलरच्या नोंदवहीत लिहावा.