तुम्ही विचारलंत म्हणून: रॅलीला आल्यावर गाडी कुठे काढायची?

नोव्हेंबर लागला की माझ्या फोनवर तोच प्रश्न यायला लागतो. कधी पुण्याहून, कधी कोल्हापूरहून, कधी नाशिकहून. "गोव्यात वागातोरला बाइक रॅलीला येतोय, एक दिवस मोकळा ठेवलाय. तुम्ही तिथल्याच, सांगा ना, गाडी कुठे काढू?"

मी डिचोलीची. साडेतीनशे सीसीची गाडी अकरा वर्षं चालवते आहे आणि रॅलीही मला मनापासून आवडते. रॉयल एनफिल्डचा मेळा आधी 'रायडर मेनिया' होता, 2023 पासून तो 'मोटोव्हर्स' झाला. इंडिया बाइक वीकसुद्धा 2013 साली वागातोरलाच सुरू झाला. देशभरातून आलेल्या गाड्या, त्यांच्या पेट्यांवरची वाटेतली धूळ, मातीच्या ट्रॅकवर पडून पुन्हा उठणारी पोरं, हे सगळं बघायला मी दरवर्षी जाते. पण एवढ्या लांबून गाडी चालवत आलेला माणूस रॅलीची जागा असलेल्या हिलटॉपपासून हणजूण आणि हणजूण ते बागा एवढंच फिरून परत गेला, की मला वाईट वाटतं.

तेव्हा माझं उत्तर असं: समुद्राकडे पाठ करा आणि उगवतीकडे निघा. किनाऱ्याचे रस्ते अरुंद आहेत. त्या दिवसांत तिथे टॅक्सी, भाड्याच्या स्कूटर आणि माणसं यांतून गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. रस्त्याची खरी मजा डिचोली-सत्तरी तालुक्यांत आहे.

साडेपाचला निघा. वागातोरहून म्हापसा, अस्नोडा, डिचोली, साखळी. टाकी डिचोलीत नाहीतर साखळीत भरून घ्या. साखळीहून केरी आणि केरीहून चोर्ला घाट. इथे एक खबरदारी. गोव्यात केऱ्या एकाहून जास्त आहेत. एक पेडण्यातली, समुद्राकाठची. दुसरी सत्तरीतली, घाटाच्या पायथ्याची. फोनवर नुसतं 'केरी' टाकून उलट्या दिशेला गेलेले लोक मला माहीत आहेत.

पेडण्यातल्या केरीलाही जा, पण त्यासाठी वेगळा दिवस काढा. तिथून फेरीने तेरेखोल नदी ओलांडली की सावंतवाडीच्या सावंतांनी बांधलेला तेरेखोलचा किल्ला लागतो. 1746 मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला आणि 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी त्याच्यावर तिरंगा चढवला. नदीपलीकडे महाराष्ट्राच्या जमिनीला लागून असलेला गोव्याचा हा एवढासा तुकडा, किल्ल्याच्या आत अँटनीचं चर्च, आणि पुढे रेडीचा रस्ता. एक सकाळ पुरते.

चोर्ल्याला सातच्या आत पोचलात तर दरीत धुकं असतं. घाट पूर्वेला चढतो, त्यामुळे ऊन आधी माथ्यावर येतं आणि खालचं रान बराच वेळ सावलीत राहतं. वळणावर थांबून मागे बघा, खाली अंजुण्याच्या धरणाचं पाणी दिसतं. माथा साधारण आठशे मीटरवर आहे. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या हद्दी तिथल्या रानात एकमेकींना भिडतात. नोव्हेंबरात धबधबे बारीक झालेले असतात, पण गवत अजून पिवळं पडलेलं नसतं आणि हवेत गारवा असतो.

हा बेळगावचा रस्ता आहे, हे मात्र विसरू नका. गोव्यात आम्ही जी भाजी खातो त्यातली पुष्कळशी पहाटेच्या टेम्पोंतून याच घाटाने उतरते. टेम्पोवाला रात्रभर जागा असतो, वळणावर रुंद घेतो. त्यातच दवाने रस्ता ओला आणि कडेला बारीक खडी. दोन वर्षांपूर्वी पुण्याची एक मैत्रीण माझ्यापुढे चालत होती. डावीकडच्या वळणावर तिने कडेच्या खडीवर पुढचा ब्रेक धरला आणि गाडी अंगाखालून निसटली. हेल्मेट, जाकीट, हातमोजे सगळं होतं म्हणून मनगट मुरगळण्यावर भागलं. तिला उचलून खाली साखळीला नेलं ते अशाच एका भाजीच्या टेम्पोवाल्याने. कोथिंबिरीच्या जुड्या बाजूला सरकवून त्याने तिला जागा करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणून सांगते, त्या घाटात टेम्पो समोर आला की हात दाखवा आणि वाट द्या.

आणखी एक मागणं आहे, अगदी कळकळीचं. केरी, मोर्ले, पर्ये ही गावं रस्त्याला चिकटून आहेत. सकाळी मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी असतात, म्हातारी माणसं ओसरीवर बसलेली असतात. चाळीस गाड्यांचा ताफा उघड्या सायलेन्सरने तिथून गेला की पाळण्यातलं पोर दचकून उठतं. माझ्या आत्याचं घर तिथे आहे, मी ते पाहिलं आहे. गावातून जाताना वरचा गिअर टाका, सावकाश जा. तुम्ही आमच्या घरी आला आहात आणि आम्हाला तुमचं येणं हवं आहे.

उतरताना साखळीजवळ हरवळ्याला थांबा. जांभ्यात कोरलेली लेणी, जवळच धबधबा, अर्ध्या तासाचं काम. दुधसागरचं बरेच जण विचारतात. तिथे बाइक नेता येत नाही, कुळ्याहून जीपनेच जावं लागतं. त्यापेक्षा आणखी एक दिवस हाताशी असेल तर वाळपईवरून तांबडी सुर्लाला जा. कदंबांच्या काळचं, बाराव्या शतकातलं महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ. ते इतक्या आत रानात आहे, की मला वाटतं त्या आडवाटेनेच ते राखलं.

आणि मग परतीची वाट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. मुकाट म्हापशाला जाऊ नका. डिचोलीहून नार्व्याला वळा. झाडीत सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. कदंब राजांचं हे दैवत, त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव आहे. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि भाविकांनी लिंग नदी ओलांडून नार्व्याला आणलं. शके 1590 मध्ये, म्हणजे 1668 साली, शिवाजी महाराजांनी इथे देऊळ उभारायला घेतलं. तसा शिलालेख दारावर आहे. हेल्मेट काढून आत जा, गाभाऱ्यासमोर दोन मिनिटं बसा, आणि मग धक्क्यावर या.

नार्व्याला रस्ता सरळ पाण्यात उतरतो. धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो, भरतीची खूण कुठवर आली ते ओल्या रंगावरून कळतं. गाडी वरच्या कोरड्या भागातच थांबवा. पलीकडून फेरी येते, लोखंडी फळी करकरत खाली टेकते, आणि आधी पलीकडची माणसं उतरतात: दूध पोचवून परतणारी स्कूटर, मासळीची पाटी घेतलेली बाई, कॉलेजची मुलं. मग आपली पाळी. पहिला गिअर, हाफ क्लच, हँडल सरळ. फळी आणि धक्का यांच्यामध्ये चार बोटांची पायरी असते. तिथे घाबरून पुढचा ब्रेक दाबायचा नाही, मागचा पुरे. खलाशी तळहात हलवून जागा दाखवतो. "बाये, गाडी मातशी फुडें घे." पुढे घेते, इंजिन बंद करते, गाडी गिअरमध्येच ठेवते आणि एक हात हँडलवर.

दिवसभर कानात असलेला गाडीचा आवाज थांबतो. फेरीचं इंजिन वाजत असतं, पण ते संथ. खारफुटीचा वास येतो. जे पाणी ओलांडून देव इकडे आला, तेच आपण उलट ओलांडत असतो, काही मिनिटांचंच. मी शेकडो वेळा गेले असेन. तरी मधल्या पात्रात आलं की माझी नजर आधी नार्व्याच्या झाडीकडे जाते, मग दिवाडीकडे.

दिवाडीवर घाई करू नका. शेतं, जुनी घरं, टेकडीवर पिएदादचं चर्च. तिथून मांडवीचं पात्र आणि पलीकडचं जुनं गोवं, दोन्ही दिसतात. मग दुसरी फेरी घेऊन जुन्या गोव्यात उतरा, पणजीवरून वागातोर गाठा. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आत होतं, संध्याकाळचा कार्यक्रम चुकत नाही. आणि येताना डिचोलीला थांबणार असाल तर आदल्या रात्री कळवा. पहाटे सहाला गरम पाव आणि पातळभाजी कुठे मिळते ते मी दाखवीन, आणि सुट्टी असेल तर नार्व्याच्या धक्क्यापर्यंत सोबत येईन.