बांबोळीची बस

परवा 18 जून होऊन गेला. गोव्याचा क्रांतिदिन आला की आमच्या ग्रुपवर तेच फोटो फिरतात, 1946 सालचं मडगाव, लोहिया, मग कोणीतरी 1955 च्या पत्रादेवीच्या सत्याग्रहींचा विषय काढतो. काढावाच, पोर्तुगीजांच्या गोळ्या खाल्ल्यात माणसांनी. पण शाळेपासून धैर्यावर निबंध म्हटलं की आम्हाला एवढंच सुचतं आणि त्यामुळे झालंय काय, की समोर पोलीस नाही, बंदूक नाही तर त्याला हिंमत म्हणायचं डोक्यातच येत नाही.

आता आमच्याकडे खरी भीती असते ती ओळखीच्या माणसाची. राज्य केवढंसं, स्कूटर कुठे लावली होती ते आपण पोचायच्या आधी घरी कळलेलं असतं!

मागच्या महिन्यात पणजी स्टँडवर बांबोळीच्या बसमधे आमच्या डिचोलीच्या एक काकी भेटल्या. मागच्या सीटवर त्यांच्या ओळखीची कोणीतरी, तिने विचारलं, "खंय गो?" बांबोळी म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "कोण एडमिट आसा?" आणि इथेच बहुतेक सगळे जीएमसीचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलचं नाव सांगून सुटतात, शुगर आहे, डोळे दाखवायचेत, काहीही. कारण जीएमसीच्या जवळच आयपीएचबी आहे, मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल, आणि त्यावरून कसल्या मस्कऱ्या चालतात ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. काकी म्हणाल्या, "कोणूच ना. म्हाकाच दाखोवपाचें आसा. न्हीद येना, मनाक बरें दिसना." आवाज ना चढवला ना उतरवला, बांगड्याचा भाव सांगावा तसं सांगितलं. त्यावर मागची, "तुका कसलें टेन्शन? पूत दुबयंत आसा मगो!" काकी नुसत्या हसल्या आणि पर्समधून सुटे काढायला लागल्या.

बस परत यायच्या आधी ही बातमी डिचोलीत पोचणार हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू, चाळीस वर्षं त्याच वाड्यावर संसार केलाय त्यांनी. तरी खोटं नाही बोलल्या. मी असतो तर शुगर सांगितली असती, हे मला तिथेच बसल्या बसल्या कळलं. अर्थात ओपीडीला जायला एवढी हिंमत लागावी यात काकींचं कौतुक कमी आणि आमची लाज जास्त.

गंमत म्हणजे याच गोव्यात जगाने दखल घ्यावी असं काम झालंय. पर्वरीची 'संगाथ' ही संस्था 1996 पासून आहे, त्यांनी डॉक्टर नसलेल्या साध्या स्थानिक लोकांना ट्रेनिंग देऊन समुपदेशनाला बसवलं, 12 सरकारी आरोग्य केंद्रं आणि 12 खाजगी दवाखान्यांमधे त्याची चाचणी झाली आणि 2010 मधे ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सरकारी केंद्रांत पेशंटना चांगला फरक पडला. म्हणजे उपाय शेजारी आहे, पण तिथपर्यंत जायचं तर वाटेत शेजारी भेटतात. बसनेच जायला नको असेल तर ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, चोवीस तास, फुकट.

अशाच हिंमतीचा दुसरा माणूस म्हणजे माझा मित्र. त्याने दारू सोडली त्याला दोनेक वर्षं होतील. बाहेरच्यांना वाटतं यात काय एवढं, पण मार्च ते मे हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा सीझन, प्रत्येक नाक्यावर बार, आणि ग्लास पुढे करणारे कोणी दुश्मन नसतात हो, तीच माणसं आपल्या आजारपणात रात्रभर बसलेली असतात. त्यांना नको म्हणायचं. एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जातो पण नाव गुप्त वगैरे आमच्या गावात काय राहणार, बाहेर बाईक दिसली की संपलं. तो बारमधे येतो, हुर्राकात घालतात तसंच लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घेतो, फक्त हुर्राक नाही. सुरुवातीला आम्हीच जास्त चेष्टा केली, आता सवय झाली.

डिसेंबरात त्याच्या मामेभावाचं लग्न आहे. मामाला त्याने आत्ताच फोन करून सांगून ठेवलंय की येणार, नाचणार, पण पिणार नाही. मामा म्हणाला, बघूया.