मागची सीट

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले होते. तपासणी उरकून, काळा गॉगल लावून ते पार्किंगमध्ये आले. मी पुढचं दार उघडून उभी, तर हे सरळ मागचं दार उघडून आत जाऊन बसले. "मागं बरं. पाय लांब करता येतात." एवढंच म्हणाले. पण मला चावी फिरवायचं सुचेना. बाबांना मागच्या सीटवर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

गाडी सुरू केली की माझा फोन आपला आपणच जोडला जातो आणि गाणी लागतात. लागलं ते नेमकं आर्केड फायर या कॅनडातल्या रॉक बँडचं 'इन द बॅकसीट', म्हणजे मागच्या सीटवर. योगायोगावर माझा विश्वास नाही, पण लागलं खरं.

हे गाणं ज्यात आहे त्या 'फ्युनरल' अल्बमची सीडी मला 2005 साली होस्टेलवर एका मैत्रिणीनं राईट करून दिली होती, वर निळ्या स्केचपेननं नाव. अंत्ययात्रा असलं नाव का, तर माँट्रियलची ही मंडळी अल्बम करत होती त्या काळात त्यांच्या घरची माणसं एकामागून एक गेली. बँडची गायिका रेजिन शसान्यची आजी गेली, गायक विन बटलरचे आजोबा गेले. 2004 मध्ये अल्बम आला. गाणी दहाच. पहिल्यात सगळी वस्ती बर्फाखाली गाडली गेलीय, आईवडील रडताहेत आणि एक पोरगा आपल्या खिडकीपासून मैत्रिणीच्या खिडकीपर्यंत बोगदा खणायचा म्हणतोय. दहाव्यात रेजिन मागच्या सीटवर. गाडी चालवायची नाही, कुणाशी बोलायचं नाही, खिडकीबाहेर बघत बसायचं. मग रात्रीतून घरातलं एक माणूस जातं, घराण्याच्या झाडाची पानं गळायला लागतात, आणि ही म्हणते, मी आयुष्यभर गाडी चालवायलाच शिकत आलेय.

बर्फ आम्हाला ठाऊक तो गोळ्याचा. बोगदा मात्र होता, कात्रजचा. साताऱ्याहून पुण्याला येताना बोगद्यात शिरलो की मी आणि दादा जीव खाऊन ओरडायचो, आणि बाबा एकदाच हॉर्न वाजवायचे. आमची प्रीमियर पद्मिनी होती, गिअर स्टिअरिंगजवळ असलेली. मागच्या सीटचं रेक्झिन उन्हात असं तापायचं की फ्रॉकखालच्या मांड्या चिकटायच्या, आणि उठताना टर्रकन आवाज यायचा. सीटच्या मधोमध एक शिवण होती. ती सरहद्द. तिच्यावरून झालेल्या लढायांचा एक व्रण माझ्या कोपरावर अजून आहे, पण दादाचं म्हणणं, तो सायकलवरून पडल्याचा.

रात्रीचा प्रवास असला तर घर जवळ आलं की मी डोळे मिटायचे. दार उघडायचं, थंड वारा आत यायचा, आई म्हणायची, "झोपली वाटतं," आणि बाबा उचलून घ्यायचे. त्यांच्या शर्टाला पेट्रोलचा वास. एकदा, मी चौथीत असेन, दार उघडलं, वारा आला, आणि कुणी उचललंच नाही. "ऊठ गं, घोडी झालीस आता," म्हणून आई पिशव्या घेऊन निघूनही गेली. दोन मिनिटं तशीच पडून राहिले, मग चपला शोधल्या.

या गाण्यांबद्दल लिहिताना सगळे निरागसपणा हरवला, निरागसपणा हरवला म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. कुठला निरागसपणा? मी पक्की लबाड होते. हरवला असेल तर तो लबाडी खपून जायचा काळ. आणि दुसरं म्हणजे, रस्ता बाबांना ठाऊक आहे ही खात्री. खंबाटकीच्या घाटात धुकं असलं तरी मी बिनघोर असायचे. आता स्वतः चालवायला लागल्यावर कळलं की धुक्यात कुणालाच काही दिसत नसतं. पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरायचा आणि त्याच्या मागं मागं जायचं. तो ट्रकवाला कुणाचा दिवा धरून चालला होता, देव जाणे.

गाण्याच्या शेवटी व्हायोलिनं चढत जातात आणि रेजिनचा आवाज शब्द सोडून नुसता वर वर जातो. सिग्नलला थांबले होते. आरशात बघितलं. गॉगलमुळे बाबा जागे आहेत की झोपलेत, कळत नव्हतं. मान मात्र कलली होती. वीस वर्षं ऐकते हे गाणं, पण आज घशात काहीतरी अडकलं.

"ही बाई रडतीय का?" मागून आवाज आला.

"हो, बहुतेक."

"बरं. तू क्लचवरचा पाय काढ आधी. प्लेट जाईल."

सिग्नल हिरवा झाला होता. मागचे हॉर्न वाजवत होते.