काळ्या कपड्यातला दादा

नाटक बघून बसमध्ये चढलो आणि बसल्या बसल्या मी लेकीला विचारलं, काय आवडलं गं सगळ्यात जास्त? मला वाटलं हत्ती म्हणेल, कारण हत्ती खरंच भारी होता, तीन जण मिळून चालवत होते त्याला. तर म्हणाली, "आई, तो काळ्या कपड्यातला दादा, हत्ती रडत होता ना तेव्हा तो पण रडत होता." मी पन्नास मिनिटं तिच्या शेजारी बसलेली, आणि मला तो दादा दिसलाच नव्हता. म्हणजे माणसं काळ्या कपड्यात असतात, बाहुली चालवतात, आपण त्यांच्याकडे बघायचं नसतं हे मला माहीत होतं, म्हणून मी बघितलंच नाही. आणि खरं सांगायचं तर मी हत्तीकडेही धड बघितलं नाही, कारण शाळेच्या सहलीला मदतीला आलेल्या पालकांपैकी मी एक, माझ्या वाट्याला सहा पोरं, आणि मी पूर्ण वेळ "श्श्श" करण्यात गुंतलेली.

गंमत अशी की श्श्श करायची गरजच नव्हती बहुतेक वेळा. मुलांचा गोंधळ दोन प्रकारचा असतो हे मला त्या दिवशी कळलं, म्हणजे घरी येऊन विचार केल्यावर कळलं. कंटाळलेली मुलं खुर्चीशी आवाज करतात, सीट वरखाली, बुटाचा वेल्क्रो चर्र चर्र, मग एकाला सू लागते आणि त्याचं बघून चौघांना. रमलेली मुलं स्टेजशी बोलतात, "मागे बघ, मागे!" असं ओरडतात. हा दुसरा आवाज नाटकवाल्यांना हवा असतो, नट प्रश्न विचारून थांबतो तो त्यासाठीच, आणि त्या थांबलेल्या जागेत आम्ही पालक-शिक्षक लोक श्श्श करून मोकळे.

पीटर पॅनची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, २७ डिसेंबर १९०४ ला लंडनमध्ये पहिला प्रयोग झाला. त्यात परी मरायला टेकते आणि पीटर प्रेक्षकांना सांगतो की पऱ्यांवर विश्वास असेल तर टाळ्या वाजवा. लेखक जे. एम. बॅरी इतका धास्तावलेला की त्याने वादकांना सांगून ठेवलं होतं, कुणीच वाजवल्या नाहीत तर तुम्ही वाद्यं खाली ठेवून टाळ्या सुरू करा. पण पहिल्या प्रयोगाला बरीचशी मोठी माणसंच होती तरी टाळ्यांचा असा पाऊस पडला की पीटरचं काम करणाऱ्या बाईंना रडू आलं म्हणे. नाटकाने जागा सोडली आणि लोकांनी ती भरली, एवढंच. आमच्यासारखे श्श्शवाले तिथे असते तर परी गेलीच होती.

कुणी म्हणेल हल्ली सगळं मोबाइलवर आहे मग पोरांना एवढं लांब कशाला न्यायचं. अमेरिकेत यावर एक छान प्रयोग झालाय, २०१८ मध्ये संशोधनाचा पेपर आला, जे ग्रीन आणि मंडळींचा. शाळेच्या मुलांची लॉटरी काढून काहींना जिवंत नाटकाला नेलं, काहींना त्याच गोष्टीचा सिनेमा दाखवला. गोष्ट एकच, पण नाटक बघितलेल्यांना कथानक आणि त्यातले शब्द जास्त लक्षात होते आणि वेगळ्या मताच्या माणसाला समजून घ्यायची तयारीही त्यांची जास्त दिसली. मला याचं कारण तो काळ्या कपड्यातला दादाच वाटतो, पडद्यावर कॅमेरा सांगेल तिकडे बघावं लागतं, इथे मूल आपलं आपण ठरवतं कुठे बघायचं. हे माझं मत, पेपरात असं काही नाही.

तर नाटकानंतर तिथेच विज्ञानाचं प्रदर्शन होतं, हात लावून बघायचं. आणि हातात वर्कशीट. वर्कशीटबद्दल मी फार चांगलं बोलू शकत नाही, कारण पोरं यंत्राकडे न बघता पाटी शोधत पळत होती, रिकामी जागा भरली की पुढे. एकाने तर दुसऱ्याचं बघून सगळं भरलं आणि मग निवांतपणे खरंच खेळायला लागला, हुशार.

हे हात लावायचं प्रकरण गाजवलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञानाच्या म्युझियमने, १९६९ साली. ते काढणारा फ्रँक ओपनहायमर, अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरचा धाकटा भाऊ. राजकीय कारणांनी विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले तेव्हा हा भौतिकशास्त्रज्ञ गुरं पाळत होता, मग हायस्कूलमध्ये शिकवलं, आणि मग हे उभं केलं. तिथे माहिती द्यायला हायस्कूलची मुलं ठेवली हे मला सगळ्यात आवडलं, कारण ज्याला स्वतःला आत्ताच कळलंय तो सर्वात चांगलं सांगतो.

आता माझी कबुली. एक यंत्र होतं, खालून हवेचा झोत आणि त्यावर चेंडू तरंगतो. वर्गातला एक मुलगा आला, म्हणाला काकू हे पडत का नाही? मी लगेच सुरू, अरे झोत चेंडूला बिलगून वळतो आणि वळताना चेंडूला आपल्याकडे खेचून धरतो वगैरे. मग लेक आली. तिला मी काय म्हटलं? "ते बटण दाब, पोरं थांबलीत मागे." बस. तेव्हा काहीच वाटलं नाही. नंतर कधीतरी २००१ चा एक अभ्यास वाचला, सॅन होजेच्या मुलांच्या म्युझियममध्ये केलेला, की आईवडील यंत्र कसं चालवायचं ते मुलगा-मुलगी दोघांनाही सारखंच सांगतात, पण असं का होतं हे समजावणं मुलग्यांच्या बाबतीत मुलींच्या तिप्पट होतं. वाचून पोटात गोळाच आला. आणि यात आयाही आल्या बरं का.

तिने मात्र बटण दाबलंच नाही आधी. नळी हळूहळू तिरकी करत गेली, चेंडू तिरक्या झोतावरही टिकून राहिला, आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती जसं मघाशी त्या दादाकडे बघत असणार. मागची पोरंही गप्प उभी, कुणालाच घाई नव्हती. घाई फक्त मला.

पुढच्या सहलीला जाणाऱ्यांसाठी एकच कामाची गोष्ट सांगते. मुलांना आदल्या दिवशी विज्ञान शिकवत बसू नका, बस कुठे थांबणार, डबा कधी खायचा, टॉयलेट कुठे, दुकानात जायला मिळणार का, हे सांगा. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात जॉन फॉक नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे करून बघितलं होतं, असली साधी माहिती आधी मिळालेली मुलं जास्त शिकून आली. साहजिक आहे, डबा कधी मिळणार ही काळजी डोक्यात असेल तर चेंडू कसा तरंगतो हे कुठून शिरणार. आणि मूल आवाजाला, अंधाराला घाबरत असेल तर 'रिलॅक्स्ड' प्रयोग आहे का ते विचारा, त्यात दिवे पूर्ण घालवत नाहीत, आवाज कमी असतो, मधे उठलं तरी कुणी डोळे वटारत नाही. माझ्या मते सगळेच प्रयोग तसे असायला हरकत नाही पण ते जाऊदे.

घरी आल्यावर तिने हेअर ड्रायर मागितला, गरम नको गार हवा लाव म्हणाली, टेबल टेनिसचा चेंडू वर धरला. तरंगला. मग ड्रायर तिरका केला आणि चेंडू थेट कपाटाखाली. परत काढला, परत गेला. मला सांगायचं होतं की थोडं हळू तिरका कर, जीभ अगदी टोकावर आली होती, पण ओठ आवळून बसले. तिसऱ्यांदाही गेला. चौथ्यांदा तिचा हात पुरेना म्हणून मी झाडू घेऊन आडवी झाले, तर वरून आवाज आला, "आई श्श्श, मी विचार करतीये."