कंबरेत उसण भरली आणि मी डेडलिफ्ट परत पहिल्यापासून शिकले

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार वाकून धरायचा आणि उचलत सरळ उभं राहायचं; एकदा उचललं की एक रेप, न थांबता केलेले काही रेप म्हणजे एक सेट. तिसऱ्या सेटचा शेवटचा रेप होता, बार गुडघ्यापर्यंत आला आणि कंबरेत अशी उसण भरली की बार सोडला आणि तिथेच मॅटवर आडवी झाले. वजन किती, तर २० चा बार आणि दोन्ही बाजूला १०-१० च्या प्लेटी, म्हणजे ४० किलो. आदल्या आठवड्यात हेच वजन आरामात उचललं होतं, म्हणून जास्तच घाबरले.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, वय ४३, ऑफिस फोर्टला. दिवसभर खुर्ची, मग लोकल, उतरले की तशीच जिममध्ये आणि वॉर्मअप म्हणजे दोन मिनिटं हात फिरवायचे. त्यात ट्रेनर "मॅडम, अजून एक" म्हणाला की मी ओढायचे.

सासूबाई म्हणाल्या, शेक घे आणि आठवडाभर पडून राहा. फिजिओने आधी विचारलं, पायात मुंग्या, बधिरपणा आहे का, लघवीवर ताबा आहे ना. तसलं काही नाही म्हटल्यावर ती म्हणाली, ताई झोपून राहू नका, झेपेल तेवढं चाला. मग रोज संध्याकाळी उपवनला तलावाकाठी फेऱ्या, पहिल्या दिवशी एक, आठवड्याने तीन.

खरी गोष्ट पुढे कळली. जिममधला व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली, बार किती खाली आहे बघा. २० ची प्लेट ४५ सेंटीमीटर व्यासाची असते त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो, पण आमच्याकडच्या १० च्या लोखंडी प्लेटी लहान, बार पार घोट्याच्या जरा वर, आणि तिथपर्यंत पोचायला माझी पाठ कमानीसारखी वाकत होती. हे तीन महिने कोणीच सांगितलं नव्हतं! आता प्लेटींखाली जाड लाकडी फळ्या ठेवते, बार नडगीच्या मध्यावर येतो.

आणि वाकणं नव्याने शिकले. घरी जाळ्या काढायच्या झाडूची काठी पाठीला लावायची, डोक्याच्या मागे, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकलेली पाहिजे आणि वाकताना एकही सुटता कामा नये. दोन्ही हातात परात असली की आपण फ्रिजचं दार मागच्या मागे ढकलतो ना, तस्संच कुल्ले मागे न्यायचे, गुडघे थोडेच वाकवायचे, बार पायाला घासत वर. उचलायच्या आधी पोटात श्वास भरून पोट घट्ट, कोणी गुद्दा मारणार आहे असं.

दोन महिने फक्त २० ते ३० किलो. भरलेला सिलेंडर साधारण ३० चा असतो, तो ओट्याखाली सरकवताना कंबर दुखली नाही तेव्हा मला फार बरं वाटलं. आता आठवड्यातून दोनदाच डेडलिफ्ट, पाचचे तीन सेट, आणि दर वेळी अजून दोन रेप निघतील एवढी ताकद राखून थांबते. जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेटी नव्हत्या म्हणून जोडी विकत घेतली, पर्समध्ये असते, अडीच किलोच्या वर एका वेळी वाढवत नाही. झोप झाली नसेल त्या दिवशी वजन कमी करते पण जिमला जाते, पाच महिन्यांत तीनच वेळा चुकलं, तेही गणपतीत.

काल ५५ चे पाच झाले. ट्रेनर म्हणाला, मॅडम अजून एक? नाही म्हटलं, बार ठेवला आणि वहीत ५५ लिहिलं.