दुसरा बाण

आईला जाऊन चौदा महिने झाले. आज समुपदेशक ताईंनी विचारलं, "दुःख अंगात कुठे जाणवतं?" मी गळ्यावर हात ठेवला. आवंढा अडकतो ना, अगदी तिथे. "मग घालवायला जाऊ नका, तिथेच थांबा."

मग त्यांनी बुद्धांचा दोन बाणांचा दृष्टान्त सांगितला. पहिला बाण लागतो, तो चुकत नाही. दुसरा आपणच आपल्याला मारतो. माझा दुसरा बाण मला लगेच कळला: 'दवाखान्यात दोन दिवस आधी न्यायला हवं होतं.' रोज रात्री तोच.

विपश्यनेतली ही जाण जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत रुग्णांसाठीच्या अभ्यासक्रमात आणली. पण मला बडोद्याच्या दांडिया बाजारात घरी परतताना गुजरातमधल्या छोटा उदेपूरचे राठवा आदिवासी आठवत होते. घरात आजारपण आलं की ते नवस बोलतात, भिंतीवर पिठोरा देवाचे घोडे रंगवून घेतात. मग बडव्याच्या, म्हणजे त्यांच्या भगताच्या, अंगात येतं आणि तो एकेक चित्र ओळखून नाव घेतो. सगळे साक्षीला असतात. दुःखाचं नाव चारचौघांत घेणं, हेच तर आपण घरोघरी टाळतो. (गोळ्या चालू असतील त्यांनी त्या सोडू नयेत, हे मात्र कळकळीने सांगते.)

घरी आल्यावर आईचं कपाट उघडलं. जांभळ्या नऊवारीच्या घडीतून डांबरगोळी घरंगळली. धाकट्याला जवळ बसवलं आणि पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, "मला आजीची फार आठवण येते रे." तो म्हणाला, "मला पण."